छत्तीस घरांची सावड

सोयाबीनच्या शेंगेला सुईवानी टोक असतंय. दोन दिस कापलं की बोटं फुटतेत, आन तिसऱ्या दिवशी भाकरीसंगं ठेचा खाताना डोळ्यात पाणी येतंय. म्हणून आमी कापताना हातात पायमोजे घालतो. माझे मोजे संगमेश्वरचे होते, माझ्या भावाचे, शाळेतले पांढरे. आता ते पांढरे राहिले न्हाईत आन तो बी शाळेत न्हाई. नांदेडला राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायलाय. दसऱ्याला घरी आला होता, तर दिवसभर बाजंवर पडून मोठमोठ्यानं वाचायचा. विळा पुढं केला की म्हणायचा, "हात खराब झाला तर पेपर कशानं लिहू?"

मी शाळा दहावीत सोडली. बसून बसून पाय दुखायचे. वाकून काम केलं की माझं काहीच दुखत न्हाई.

आमचं गाव लोह्याच्या पुढं, लातूर जिल्ह्याच्या शिवंला लागून. शिवारात समदं सोयाबीन. समद्यांचं एकदाच पिकतंय आन समद्यांना एकदाच माणसं पायजे असतेत. बाहेरून गुत्तंवाले येतेत, एकराचा ठराव करून कापतेत, पण ते पैलं मोठ्या रानावाल्याकडं जातेत. हार्वेस्टर आमच्या चढावर येत न्हाई, ओढ्याकाठच्या चिखलात तर रुतूनच बसतंय. म्हणून आमच्या सात घरच्या बायांची सावड होती. आज समद्या माझ्या रानात, उद्या समद्या तुझ्या रानात. रोजगार कुणी कुणाला द्यायचा न्हाई, नुसतं अंग द्यायचं.

सावड चालवायची माझी अज्जी, कमलम्मा. सात घरं होती तवा कुणी नंबर लिहून ठेवत न्हवतं. अज्जी तांबडं फुटायला उठायची, सातही रानं फिरायची, एकेक झाड कानापाशी हलवायची. ज्याच्या शेंगा वाजतेत त्याचं रान पैलं. तिनं घरी येऊन नाव सांगितलं की बाया त्या वाटंनं चालू लागायच्या. कामून म्हणून कुणी इचारत न्हवतं.

मग तीन वर्सात सातीची छत्तीस घरं झाली. गुत्तंवाल्यांची वाट बघून हैराण झालेल्या बाया एकेक करून आल्या आन अज्जीनं कुणाला न्हाई म्हणलं न्हाई. लातूरच्या एका संस्थेचे लोक आले. त्यांनी आमचे विळे घेऊन फोटो काढले, बॅनर दिला, गळ्यात घालायचा बिल्ला दिला, म्हणले अध्यक्ष पायजे. रुद्राणी काकू अध्यक्ष झाली. दुसरी कोण होणार? तिचा आवाज वरच्या आळीतून खालच्या आळीत जातोय आन तहसिलात साहेबापुढं खुर्ची ओढून बसणारी गावात ती एकलीच. अज्जीचे गुडघे गेले होते. छत्तीस रानं तिला फिरवली नसती. म्हणून महादेवाच्या पारावर चिठ्ठ्या टाकल्या, नंबर काढून वहीत लिहिले, मोबाइलवर ग्रुप केला. दिवसाला दोन रानं. आमचा नंबर सतरावा, ओढ्याकाठचे दोन एकर. समद्यांची थट्टा करणाऱ्या सुमनमावशीचा अकरावा, माळावरचा दीड एकर.

तीन दिस सुरळीत गेलं. चौथ्या दिवशी सकाळी पारापाशी टेम्पो उभा.

"ह्यो कशाला?" मी इचारलं.

"बसा बसा, दव हाय तवर कापू," रुद्राणी काकू म्हणली. "आज जरा पलीकडच्या गावात जायचंय. माझ्या भावाचं रान हाय. त्याचा पाय मोडलाय, प्लास्टर हाय मांडीपस्तोर."

"आज सातवा आन आठवा नंबर हाय काकू."

"ते उद्या."

"तुझा भाऊ सावडीत हाय का?"

"शिवे, माझा भाऊ तुझा कुणी लागत न्हाई का?"

"मला त्याचं नाव बी म्हाईत न्हाई."

बाया टेम्पोत चढायल्या होत्या. कुणी माझ्याकडं बघंना. माझ्या मायनं मागून माझा पदर, म्हणजे माझ्या ड्रेसवर घातलेल्या अप्पाच्या जुन्या शर्टाचं टोक, ओढलं. त्यानं मला जास्तच चढलं. मी टेम्पोच्या मागच्या फळीवर विळ्याची मूठ आपटली.

"सातव्या नंबरचीचं सोयाबीन काय तुझ्या भावाच्या प्लास्टरसाठी थांबतंय का? गळ्यात बिल्ला घातला म्हणजे गाव नावावर झालं न्हाई. मोगलाई हाय का इथं?"

रुद्राणी काकूनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. मला वाटलं आता थोबाडीत देतीय. तिनं पिशवीतून वही काढली आन माझ्या हातावर ठेवली. ग्रुपवर मला ॲडमिन केलं, तिथंच, समद्यांपुढं.

"घे. तूच चालव. बघू किती दिस तोंड असं चालतंय."

सुमनमावशी टेम्पोतून खाली उतरली आन म्हणली, "चला बाई, नवं सरकार आलं. सरकार, आज कुणाचं रान?"

बाया हसल्या. मी सातवा आन आठवा नंबर वाचला. आन त्याच वहीत, रुद्राणी काकूचं नाव नवव्यावर होतं, ते मी तिच्या डोळ्यादेखत खोडलं आन छत्तिसाव्यावर लिहिलं. ती विळा घेऊन पुढं चालू लागली.

रातच्याला घरी भाकरी थापताना माय म्हणली, "खोडायला नगं होतं."

"तिनं भावाचं घुसवलं ते चाललं?"

"चाललं असं कोण म्हणलं? पण तू बी खोडूनच सुरू केलंस."

अप्पा बैलापाशी होते, तिथनंच बोलले, "सात घरं होती तवाच बरं होतं. मोठं झालं की सडतंयच ते. कारखाना बघा, ब्यांक बघा."

संगमेश्वर बाजंवरून उठून बसला. त्याला कुठं तरी बोलायला भेटलं की लई आनंद. "बराबर हाय अप्पा. ऱ्हासाची पाच कारणं असतेत. पैलं, विस्तार फार झाला. दुसरं, वारसदार दुबळे. तिसरं, दरबारी लोकांचा ऐशआराम. चौथं, अधिकाऱ्यांची मनमानी. पाचवं, लांबच्या सुभ्यावर वचक राहिला न्हाई."

"कोणत्या राज्याची?" मी इचारलं.

"कोणत्याबी. समद्याला हीच पाच. नावं बदलायची, मार्क तेवढेच."

"म्हणजे टिकलेलं एकबी न्हाई?"

"टिकलं असतं तर इतिहासात कशाला आलं असतं?"

अज्जी भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती, गुडघ्याला तेल चोळायली होती. ती म्हणली, "आन ते मोडलं तवा तिथली माणसं कुठं गेली?"

"कोणती माणसं?"

"तिथं राहणारी. मेली का समदी?"

संगमेश्वरनं पुस्तकाची पानं चाळली. "ते दिलेलं न्हाई," तो म्हणला.

पैले दोन दिस मी वही लई इमानानं चालवली. साडेपाचला पारावर मी हाजीर. कोण आली, कोण न्हाई, कुणी सुनंला पाठवली आन स्वता घरी राहिली, समदं माझ्या ध्यानात. पात लावताना, म्हणजे कुणी कोणते तास कापायचे ते ठरवताना, मी आळशी बाईला दोन चपळ बायांच्या मधी घालायची, म्हणजे तिला मागं राहायला लाज वाटावी. काम रुद्राणी काकूच्या वेळेपेक्षा लवकर उरकायलं. ते बाया बी म्हणल्या.

पण मी बघत होते, हळूहळू काय काय व्हायलंय ते. शिवीची शिवानीताई झाली. चहाची किटली आली की पैला कप माझा. झाडाच्या सावलीकडची पात मला कुणी न मागता सोडायचं. एका बाईनं ताकाचा तांब्या आणला आन म्हणली, "तुझ्यासाठीच इरजण लावलं होतं," आन मग लगेच, "आमचा नंबर तेविसावा हाय ना?" मी ताक पेले. थंड होतं, चांगलं होतं. तिचा नंबर मी बदलला न्हाई, पण ताक पेले.

आन वही घेऊन उभं राहायला लागतंय. फोन येतेत. कुणाची ताडपत्री पायजे, कुणाच्या बनीमीवर दगड ठेवायचेत. बनीम म्हणजे कापलेल्या सोयाबीनचा ढीग, ती बराबर रचली न्हाई तर पाणी आत जातंय. तर मी बांधावर उभी राहून सांगायची, अशी रचा, तशी रचा. पाचव्या दिवशी दुपारी मी मोजे काढून बघितले, बोटं बरी झाली होती. तवा मला त्यात काही वावगं वाटलं न्हाई. उलट बरं वाटलं.

त्याच दिवशी संध्याकाळच्या आत फोनवर आलं की दोन दिसात मोठा पाऊस. खालून ढग बी आले होते, करकरीत काळे. मी ओढ्याकाठी गेले. आमच्या सोयाबीनची पानं गळून गेली होती, नुसत्या शेंगा लटकलेल्या. ओढ्याला पाणी आलं तर पैलं आमच्या रानात घुसतंय, मागच्या साली घुसलं होतं, गुडघाभर. मागच्या साली शेंगांना कोंब आले होते आन मायनं ते सोयाबीन हातात घेऊन वास घेतला होता आन खाली टाकलं होतं.

उद्याचा नंबर सुमनमावशीचा होता, अकरावा. माळावरचं रान. माळावर पाणी थांबत न्हाई.

मी बांधावर बसून लई इचार केला असं म्हणणार न्हाई. दोन मिनटं लागली. ग्रुपवर लिहिलं, "पावसामुळे उद्या ओढ्याकाठ घेऊ. सुमनमावशीचं सतराव्याला." मग फोन हातात धरून बसले, कोण भांडतंय बघू. मी त्यांच्या जागी असते तर भांडले असते. एकेक करून अंगठे आले. सुमनमावशीचा बी अंगठा आला. त्येच्या संगं हसणारं तोंड.

दुसऱ्या दिवशी आमचे दोन एकर दुपारपर्यंत कापून झाले. छत्तीस विळे एका रानात म्हणजे बघण्यासारखं असतंय. वाकलेल्या पाठी पुढं सरकतेत आन मागं पिवळं रान मोकळं होत जातंय. सुमनमावशी माझ्या बाजूच्या पातीवर होती. तिचा नवरा दयानंद नांदेडला ऑटो चालवतो, आठ दिसाला येतो, आन तिच्या तोंडात कायम त्याचीच थट्टा.

"आमचा मालक म्हणला, पाऊस येणार असंल तर मी ऑटो घेऊन येतो, सोयाबीन भरून नांदेडला नेऊ, एकेक सवारी करून."

"मावशी, तुझं आजच होतं ना," तिच्या पलीकडची बाई म्हणली.

"व्हय की. पण सरकारी काम हाय," मावशी म्हणली आन हसली. माझ्याकडं बघून हसली. त्यात काही टोमणा न्हवता. त्यानंच मला कसंतरी झालं.

आमची बनीम झाली, ताडपत्री झाली, दगड ठेवले. आन ढग निघून गेले. पाऊस आलाच न्हाई. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, असं ऊन की विळ्याच्या पात्याला हात लावू देईना. तिसऱ्या दिवशी तसंच. गरम वारं सुटलं. वाळलेल्या सोयाबीनला पावसापेक्षा ऊन वाईट. हलक्या जमिनीत शेंगा लवकर वाळतेत आन मग आपोआप तडकतेत, दाणा उडून खाली पडतोय. हे मला म्हाईत न्हवतं असं न्हाई. अज्जीनं शंभरदा सांगितलं होतं. ढग बघून मी ते इसरले, न्हाई तर इसरायचं म्हणून इसरले, ते मलाच सांगता येत न्हाई.

नवव्या दिवशी माळावर गेलो तवा बांधावरूनच आवाज येत होता. तट, तट, तट. फुटाणे भाजल्यावानी. झाडाला हात लावला की राहिलेल्या शेंगा फुटायच्या. खाली भेगांमधी दाणेच दाणे, पिवळे.

सुमनमावशी आमच्या अगुदर आली होती. तिच्या हातात विळा न्हवता. खराटा होता. ती भुईवरचे दाणे झाडून झाडून ढिगुल्या करायली होती, माती, खडे, दाणे समदं एकत्र. तिनं वर बघितलं न्हाई. थट्टा केली न्हाई. छत्तीस बाया उभ्या होत्या आन नुसता खराट्याचा आवाज.

मग रुद्राणी काकू पुढं झाली. मला वाटलं आता ही बोलणार, तिची बारी हाय. ती मावशीपाशी बसली, पदरात दाणे वेचू लागली. एवढंच म्हणली, "उभं हाय त्येला मधी जाऊ नका गं. बाजूनं धरा, मुळापाशी धरून कापा, वर धक्का देऊ नका."

कापून झालं, जे राहिलं होतं ते. निम्म्याच्या आसपास भुईवर होतं. मी वही सुमनमावशीपुढं ठेवली. मला माफी मागायला येत न्हाई. मी म्हणले, "मोडून टाका ही सावड. सात घरांची करा परत. मोठं झालं की असंच होतंय."

मावशीनं खराटा बाजूला ठेवला. "म्हणजे काय, मी सात घरात न्हवते तर मी सुटले का?"

मी वही परत उचलली.

"तुपल्या सातात मी न्हाई शिवे. मी तिसऱ्या वर्सी आले. तू मोडलीस तर पुढल्या साली मी कुणाला बोलवू? आमच्या ऑटोवाल्याला?"

"मग मी काय करू?"

"खराटा घे," ती म्हणली. "दुसरा हाय घरी."

त्या दिवशी बाकी बाया पुढच्या रानात गेल्या आन मी, माय आन मावशी माळावर राहिलो. दुपारी अप्पा आले. त्यांच्या मागं संगमेश्वर आला, हातात सूप घेऊन. तो खाली बसला, दोन भेगा वेचल्या आन म्हणला, "हे तर सहावं कारण हाय." मी त्याला ढेकूळ फेकून मारलं. पण वेचत राहिला. संध्याकाळी त्याच्या नखात माती होती आन तो ती परत परत बघायला होता.

अज्जीला अप्पांनी बैलगाडीतनं आणलं होतं. ती बांधावर बसून सुपानं दाणे पाखडायची, खडे एकीकडं, दाणे एकीकडं. मी तिच्यापाशी पाटी रिकामी करायला गेले. तिनं इचारलं, "आंगठे आले होते ना समद्यांचे?"

"हाव."

"मला बी यायच्या माना. मी नाव सांगायचे आन समद्या मान हलवायच्या." ती सूप आपटत राहिली. "जवारीच्या टायमाला. तुझ्या आजोबाला ताप होता, लई ताप. मी म्हणले आपलं रान पैलं. रत्नव्वा नावाची बाई होती, तिच्या जवारीला पाखरं लागली. चार दिसात कणसं मोकळी. दोन वर्स ती मला बोलली न्हाई. त्या साली सावड मोडली."

"मग?"

"मग तिचीच सून आली दारात. म्हणली, कमलम्मा, विळा घे, आमचं पिकलंय."

"एकदाच मोडली?"

अज्जीनं सूप मांडीवर ठेवलं आन बोटं धरली. "चारदा. एकदा मी मोडली. एकदा दोघी जावांच्या भांडणात. एकदा दुष्काळात, तवा कापायलाच काही न्हवतं. आन एकदा कशात ते आठवत न्हाई." मग ती म्हणली, "चारदा जमली बी."

"म्हणजे परत मोडणार."

"मोडंल की. तू काय तिला दगडाची करायलीस का?"

पाटी घेऊन परत खाली गेले. भेगा अजून लई होत्या.

दुसऱ्या दिवशी काम उरकल्यावर, उजेड असतानाच, पारावर समद्या जमल्या. मी वही मधी ठेवली आन खरं ते सांगितलं, की ढगाचं निमित्त होतं, मला आमचं रान आधी पायजे होतं. माझा आवाज मोठा निघाला. मला हळू बोलताच येत न्हाई. कुणी "असू दे" म्हणलं न्हाई, ते बरं झालं.

सुमनमावशी उठली. तिनं आधी माझ्याकडनं तीन दिस मागून घेतले. "तुरीच्या काढणीला माझ्याकडं तीन दिस ये. सकाळचे, दवातले. चहा मी पाजीन, ताक मिळणार न्हाई." बाया हसल्या, ताकवाली बाई बी हसली. मग मावशी म्हणली, "आन एक ठरवा. वही जिच्या हातात, तिचं रान समद्यांच्या शेवटी. तिच्या भावाचं, दिराचं, माहेरचं, समदं शेवटी."

"मग वही घेणार कोण?" मागून कुणीतरी म्हणलं.

"जिला घ्यायची न्हाई तीच चांगली चालवंल."

वहीला कुणी हात लावला न्हाई. पारावरच्या पिंपळाखाली एक कुत्रं येऊन बसलं, उठून गेलं. मला वाटलं, झालं, मोडली पाचव्यांदा.

"शेवटी कुणाचं हाय आता?" मायनं इचारलं.

मला वही बघायची गरज न्हवती. छत्तिसाव्यावर माझ्याच अक्षरात होतं. समद्यांनी रुद्राणी काकूकडं बघितलं. तिनं कपाळावरचं भस्म पुसलं न्हाई, नुसता हात तिथवर नेला आन खाली आणला.

"मपलं रान तसंच उभं हाय," ती म्हणली. "शिवीच्या कृपेनं."

"भारी जमीन हाय काकू, आठ दिस काही होत न्हाई त्याला," मी म्हणले. मी ते बघून आले होते, सकाळीच. खाली मान घालून म्हणले, "मी बघितलंय जाऊन. अजून हिरवट हाय."

"बघितलंस?"

"हाव."

"मग उद्यापासून रोज बघून मला सांगायचं. माझंच न्हाई, राहिलेली समदी." तिनं वही उचलली, पिशवीत टाकली. "माझे बी गुडघे दुखतेत. तू पळतीस."

तसं ठरलं. साडेचारला उठून मी राहिलेली रानं फिरायची, काकूला सांगायची, काकू नाव सांगायची. तिनं माझं दोनदा ऐकलं न्हाई. एकदा मी म्हणले हे रान आधी घ्या, ती म्हणली न्हाई, आन तिचं बराबर निघालं. एकदा ती चुकली, पण ते रान लहान होतं. तिच्या भावाचा पाय प्लास्टरातच होता. त्यानं रान गुत्त्यानं दिलं, आमी कुणी टेम्पोत चढलो न्हाई. तिनं पुन्हा नाव काढलं न्हाई. पण एक दिवस ग्रुपवर तिनं कुणाला तरी अगुदर घेतलं आन मी इचारलं तर म्हणली, पोरगी बाळंत झालीय. ते खरं होतं. मी तरी बी जाऊन बघून आले.

सुमनमावशीचं वेचलेलं सोयाबीन मातीमुळं काळं पडलं होतं. अज्जीनं ते दोनदा धुतलं, वाळवलं. बियाला चाललं न्हाई. तिचं नुकसान झालं ते झालंच. ती मला ते कवाच सांगत न्हाई आन मी ते कवाच इसरत न्हाई.

शेवटच्या दिवशी रुद्राणी काकूचं रान. दव होतं, थंडी पडायला लागली होती. छत्तीस पाती. मला बांधाकडची काटेरी पात आली, माझी मीच घेतली असं न्हाई, काकूनं लावली. दुपारच्या आत बनीम उभी राहिली, आमच्या साऱ्यांत मोठी. मग समद्यांनी बांधावर भाकरी सोडल्या. जवसाची चटणी, वांगं, कुणाचं पिठलं. कुणी कुणाच्या ताटातलं बी खायलं होतं. सुमनमावशी सांगत होती, दयानंद यंदा ऑटोला पडदे शिवून घेणार हाय, गुलाबी, आन तिनं सांगितलं की त्यात तू एकलाच बस.

तवा पलीकडच्या वस्तीवरनं दोन बाया आल्या. पुढची केवळाबाई, मी तिला बाजारात बघितलं होतं. दुसरी तिची सून असावी. त्या थोडं लांब उभ्या राहिल्या. काकूनं या म्हणल्यावर जवळ आल्या, बसल्या न्हाईत.

"पुढल्या हंगामाला आमाला घेता का सावडीत? आमच्या वस्तीवरची नऊ घरं हायत."

काकूनं भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आन माझ्याकडं बघितलं. मायनं बघितलं. सुमनमावशी पडद्याचं बोलता बोलता थांबली. नऊ आन छत्तीस, पंचेचाळीस. वस्ती ओढ्याच्या पलीकडं. पंचेचाळीस रानं मला साडेचारला उठून फिरवणार न्हाईत, हे मला तिथंच कळलं. आणखीन कुणीतरी पळणारी पायजे. आणखीन कुणीतरी भांडणारी पायजे.

मी बोटं चाटली, मोजे झटकले आन उठले.

"तुमच्या सोयाबीनची जात कोणती?" मी केवळाबाईच्या सुनंला इचारलं. "लवकरची का उशिराची? आन रान दाखव चल. सांगून कळत न्हाई."